बाबा, आपली टीम कुठे गेली?

ऑस्ट्रेलियात राहतो म्हटलं, की मुंबई-पुण्याच्या मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "बॉक्सिंग डे टेस्टला जातोस की नाही रे?" जातो ना, न चुकता जातो! दुसरा प्रश्न घरांच्या किमतीचा आणि तिसरा कांगारूंचा. पण गेली काही वर्षं ज्या खेळासाठी मी वीकेंडची कामं बाजूला सारतो, त्याबद्दल कुणी चुकूनही विचारत नाही. कारण ऑस्ट्रेलियात फुटबॉल, म्हणजे आपलं ते गोल बॉलचं, पायाने खेळायचं फुटबॉल, प्रोफेशनल पातळीवर खेळलं जातं हेच अनेकांच्या गावी नसतं. त्यांना तरी काय बोल लावणार? खुद्द मेलबर्नमध्ये 'फुटबॉल' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लंबगोल बॉल येतो. आमच्या खेळाला इथे 'सॉकर' म्हणतात, आणि तेही जरा नाक मुरडूनच.

मी राहतो टार्नेटला. मेलबर्नच्या पश्चिम टोकाला असलेलं हे उपनगर म्हणजे आपलं डोंबिवली-बदलापूर समजा. फक्त घरं बैठी आणि रस्ते रुंद. शेतं होती, तिथे बघता बघता कॉलन्या उभ्या राहिल्या. डावीकडे पंजाबी, उजवीकडे तेलुगू, समोर फिलिपिनो आणि कोपऱ्यावर आमच्यासारखे दोन-चार मराठी. इथे सगळेच नवीन, सगळ्यांच्याच डोक्यावर होम लोन आणि सगळ्यांचीच पोरं शाळेत एकाच वेळी इंग्रजी बोलायला शिकलेली. अशा ठिकाणी 'आपलं' म्हणावं असं काही नसतं. देवळं, गुरुद्वारे, मशिदी असतात, पण ती ज्याची त्याची. सगळ्यांचं मिळून एक काहीतरी लागतं.

आम्हाला ते मिळालं होतं. वेस्टर्न युनायटेड नावाची टीम, हिरवे-काळे कपडे, आणि त्यांचं स्टेडियम होणार होतं चक्क आमच्या टार्नेटमध्ये!

ती टीम २०२५-२६ च्या हंगामात मैदानात उतरलीच नाही. पुरुषांची नाही आणि महिलांचीही नाही. लेकीने नऊ वर्षांच्या मुलीच्या सरळपणाने विचारलं, "बाबा, आपली टीम कुठे गेली?" मी पेशाने अकाउंटंट. त्यामुळे याचं एका वाक्यातलं उत्तर मला ठाऊक होतं. पण ते उत्तर नऊ वर्षांच्या मुलीला पुरत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरलं नाही. मग मी जरा खोलात शिरलो.

एक गाव, चार फुटबॉल

ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या साधारण पावणेतीन कोटी. मुंबई महानगर आणि आजूबाजूचे दोन जिल्हे धरले की संपली! एवढ्याशा बाजारात चार प्रकारचं फुटबॉल विकायला बसलंय. ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे एएफएल. रग्बी लीग, म्हणजे एनआरएल. रग्बी युनियन. आणि सगळ्यात शेवटी आमचं सॉकर. ग्राहक तोच, टीव्ही चॅनेल्स तीच, स्पॉन्सर तेच. दुकानं मात्र चार.

यातला तिढा पाहा. खेळणाऱ्यांची संख्या मोजली तर सॉकर हा देशातला सर्वांत मोठा सांघिक खेळ. शनिवारी सकाळी कुठल्याही पार्कात जा, गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेली चिल्लीपिल्ली दिसतील. पण पैसे मोजायला बसलात तर चित्र एकदम उलटं. एएफएलचा २०२५ ते २०३१ या सात वर्षांचा टीव्ही करार आहे ४५० कोटी डॉलरचा. सॉकरच्या ए-लीगने २०२१ मध्ये चॅनेल टेन आणि पॅरामाउंट प्लसशी पाच वर्षांचा करार केला, तो सुमारे २० कोटींचा. वर्षाचा हिशोब काढा. तिकडे ६४ कोटी, इकडे ४ कोटी. सोळा पट! एकाच मजल्यावर बसणाऱ्या दोघांच्या पॅकेजमध्ये एवढी तफावत असती तर एचआरसमोर मोर्चा निघाला असता.

बरं, लोकांना खेळात रस नाही म्हणावं तर तेही खरं नाही. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'मटिल्डाज' इंग्लंडविरुद्ध सेमीफायनल खेळल्या, तेव्हा चॅनेल सेव्हनवर सरासरी एक कोटी अकरा लाख लोक मॅच पाहत होते. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पण राष्ट्रीय टीमवर प्रेम करणं वेगळं आणि दर आठवड्याला तिकीट काढून क्लबची मॅच पाहणं वेगळं. लग्नाच्या वरातीत नाचणारे सगळेच काही रोजचा संसार चालवायला येत नाहीत.

त्यात भर म्हणजे ए-लीग खेळली जाते उन्हाळ्यात. फूटी आणि रग्बीशी टक्कर नको म्हणून १९८९-९० पासून ही सोय करण्यात आली. त्या वेळी ती शहाणपणाची होती. पण २०११ पासून उन्हाळ्यात बिग बॅश क्रिकेटही सुरू झालं. म्हणजे एका दुकानासमोरून उठून दुसऱ्या दुकानासमोर जाऊन बसल्यासारखं झालं. शिवाय ज्याला खरोखर फुटबॉलचं वेड आहे, तो रात्री जागून इंग्लिश प्रीमियर लीग बघतोच. माझ्या ऑफिसात लिव्हरपूलचे फॅन ढिगाने सापडतील. ए-लीगचे? एका हाताच्या बोटांवर.

ग्रीक आजोबांची टीम

या बोटांतलं एक बोट म्हणजे माझा ग्रीक सहकारी. जन्म मेलबर्नचा, पण बाप आणि काका साठच्या दशकात बोटीने आलेले. मी पहिल्यांदा ए-लीगबद्दल उत्साहाने बोलायला लागलो तेव्हा तो कॉफी ढवळत शांतपणे म्हणाला, "मेट, तुमच्या टीमला दुकानाचा वास येतो. आमच्या टीमला घराचा वास यायचा."

त्याची टीम म्हणजे साउथ मेलबर्न, जुन्या लोकांच्या तोंडी 'हेलास'. १९७७ मध्ये इथे नॅशनल सॉकर लीग सुरू झाली, तिच्यातले बरेचसे क्लब असेच स्थलांतरितांनी उभे केलेले. सिडनीचे मार्कोनी इटालियनांचे, मेलबर्न नाइट्स क्रोएशियनांचे, प्रेस्टन मॅसिडोनियनांचे, सेंट जॉर्ज बुडापेस्ट हंगेरियनांचे. आपल्याकडे गावाकडून मुंबईत आलेल्यांनी मंडळं काढली, गणपती बसवले, खोल्या मिळवून दिल्या, तसंच यांचं. क्लबात गेलं की आपली भाषा कानावर पडायची, कुणी नोकरीचं सांगायचं, कुणी लग्नाचं जमवायचं. फुटबॉल हे निमित्त. साउथ मेलबर्नचा १९८९ ते १९९२ या काळात कोच कोण होता माहितीय? फेरेंक पुश्कास! पन्नाशीच्या दशकात सगळ्या जगाला वेड लावणारा हंगेरीचा पुश्कास. १९९१ ला त्याच्या हाताखाली साउथ मेलबर्नने लीग जिंकली, तेव्हा टीमचा कॅप्टन होता आँज पोस्टेकोग्लू, ज्याने पुढे २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली. २००० साली याच क्लबने ब्राझीलमध्ये जाऊन क्लब वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये मँचेस्टर युनायटेडशी मॅच खेळली होती.

मग एवढं सगळं असून बिनसलं कुठे?

बाहेरच्यांना तो खेळ परकाच वाटत राहिला. युरोपातून आलेल्यांना उद्देशून 'वॉग' ही शिवी इथे सर्रास वापरली जायची, आणि त्यांचा खेळ म्हणून सॉकरला 'वॉगबॉल' म्हणत. क्रोएशियन आणि सर्बियन क्लबांच्या मॅचला वर्तमानपत्रं खेळापेक्षा हाणामारीचंच जास्त छापायची. टीव्हीचे पैसे नाहीत, मोठे स्पॉन्सर नाहीत, फेडरेशन कर्जात. २००३ मध्ये डेव्हिड क्रॉफर्ड यांच्या समितीने अहवाल दिला की हा कारभार मुळापासून बदला. वेस्टफील्ड मॉल्सचे मालक फ्रँक लोवी सूत्रं घ्यायला पुढे आले. २००४ ला जुनी लीग बंद झाली आणि ऑगस्ट २००५ मध्ये आठ टीम्सची नवीकोरी ए-लीग सुरू झाली.

लोवींना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण हिशोब सरळ मांडायचा तर जमेची बाजू मोठी आहे. नोव्हेंबर २००५ ला सिडनीत जॉन अलोइसीने उरुग्वेविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारली आणि ऑस्ट्रेलिया ३२ वर्षांनी वर्ल्ड कपला गेला. २००६ मध्ये देश आशियाई महासंघात आला. फॉक्स स्पोर्ट्सने सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर मोजले. सिडनीकडून ड्वाइट यॉर्क खेळला, नंतर दोन हंगाम देल पिएरो. २०१२ ला जन्मलेल्या वेस्टर्न सिडनी वाँडरर्सने दोनच वर्षांत आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली. हे सगळं जुन्या व्यवस्थेत झालं असतं असं माझा ग्रीक सहकारीसुद्धा म्हणत नाही.

पण किंमतही मोजावी लागली. नव्या लीगमध्ये जुन्या समाजांच्या क्लबांना दार बंद. शहराची एक टीम, नवं नाव, नवा लोगो, नवा मालक. २०१४ मध्ये तर नियमच आला, की नव्या क्लबांनी नावात किंवा चिन्हात वांशिक ओळख दाखवायची नाही. तो २०१९ ला रद्द झाला, पण तोवर एक अख्खी पिढी 'आम्ही नको होतो तुम्हाला' असं म्हणत बाजूला झाली होती. जुन्यांना घालवून नवे ग्राहक आणायचे, हा बिझनेस प्लॅन. नवे आले, पण जेवढे हवे होते तेवढे नाहीत.

ताळेबंद काय सांगतो

आता माझ्या धंद्याची भाषा. ए-लीगच्या क्लबाचं उत्पन्न येतं चार ठिकाणांहून. टीव्हीच्या पैशातला वाटा, तिकिटं आणि मेंबरशिप, स्पॉन्सर, आणि खेळाडू परदेशी विकून मिळणारी रक्कम. खर्चात पगार, प्रवास आणि स्टेडियमचं भाडं. पगारावर मर्यादा आहे. पहिल्या हंगामात ती फक्त १५ लाख डॉलर होती, तीही अख्ख्या टीमची! त्यामुळे पगारानेच क्लब बुडतात असं म्हणता येत नाही.

प्रवासाचं घ्या. पर्थ ते वेलिंग्टन म्हणजे विमानाने पाच हजार किलोमीटरहून जास्त, आणि दोन्हीकडे याच लीगच्या टीम्स! स्टेडियमचं तर विचारूच नका. बहुतेक क्लबांचं स्वतःचं मैदान नाही. ब्रिस्बेनचं सनकॉर्प स्टेडियम साडेबावन्न हजारांचं. तिथे दहा-बारा हजार लोक आले तर ते लग्नाच्या हॉलमध्ये बारशाला जमल्यासारखे दिसतात, पण भाडं लग्नाचंच पडतं. ब्रिस्बेन रोअरने शेवटी २०२० मध्ये शहराबाहेर रेडक्लिफचं लहान मैदान धरलं. गोल्ड कोस्टचा मालक, खाणसम्राट क्लाइव्ह पामर, याने तर २००९ मध्ये स्टेडियमचा खर्च वाचवायला पाच हजारांवर प्रेक्षकच नकोत असं फर्मान काढलं होतं! प्रेक्षक कमी करून पैसे वाचवणारा क्लब. हा धडा आम्हाला कॉमर्सच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

मग राहतो टीव्ही. २०१७ च्या सहा वर्षांच्या करारात फॉक्स वर्षाला पावणेसहा कोटींच्या आसपास देणार होतं. कोविड आला, २०२० मध्ये करार मोडून नवा झाला, आणि आकडा सव्वातीन कोटींच्या घरात आला. याच सुमारास क्लब मालकांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी पूर्ण झाली. लीग फेडरेशनच्या हातून सुटली आणि ऑस्ट्रेलियन प्रोफेशनल लीग्ज, म्हणजे एपीएल, या मालकांच्याच कंपनीकडे गेली. डिसेंबर २०२१ ला सिल्व्हर लेक या अमेरिकी प्रायव्हेट इक्विटी फंडाने सुमारे १४ कोटी डॉलर देऊन एक तृतीयांश हिस्सा घेतला.

चौदा कोटी! लीगच्या इतिहासात एकरकमी एवढा पैसा कधी आला नव्हता. तुमच्या हातात एकदम वर्षभराच्या पगाराएवढा बोनस आला तर काय कराल? कर्ज फेडाल, थोडे बाजूला टाकाल. एपीएलने मोठी उडी मारली. 'कीपअप' नावाचं डिजिटल प्लॅटफॉर्म काढलं. बातम्या, व्हिडिओ, तिकिटं सगळं एकाच ठिकाणी, आणि त्यातून चाहत्यांचा डेटा. पैसा ओतला गेला, चाहते मात्र त्या वेगाने आले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये कीपअप गुंडाळलं आणि एपीएलच्या जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांच्या हातात नारळ ठेवला गेला. आयटीवाल्या मित्रांनो, ही गोष्ट तुम्हाला कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत असेल, नाही?

मध्येच आणखी एक प्रकार झाला. डिसेंबर २०२२ मध्ये एपीएलने पुढच्या तीन ग्रँड फायनल्स सिडनीला देऊन टाकल्या, न्यू साउथ वेल्स सरकारकडून पैसे घेऊन. त्याआधी फायनलचं यजमानपद कमवावं लागायचं, लीगमध्ये वरचा नंबर काढून. सगळ्या शहरांतले चाहते खवळले. १७ डिसेंबरला मेलबर्न डर्बीत निषेध म्हणून ठरलेल्या वेळी उठून जाण्याचा बेत होता. पण काही लोक मैदानातच घुसले, सिटीचा गोलकीपर टॉम ग्लोव्हर याच्या डोक्यात बादली घातली आणि मॅच रद्द झाली. जे घडलं त्याचं समर्थन कुणीच करू नये. मुलांना घेऊन मॅचला जाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या पोटात तर त्या रात्री गोळा आला होता. ऑक्टोबर २०२३ ला तो करार मागे घेतला गेला. पण विश्वास ही वस्तू ताळेबंदात दिसत नसली, तरी एकदा वजा झाली की परत जमा व्हायला फार वेळ लागतो.

आणि मग २०२४-२५ चा हंगाम. त्याआधी लीगकडून प्रत्येक क्लबला वर्षाला वीस लाख डॉलरच्या आसपास मिळायचे. ते आले ५ लाख ३० हजारांवर! घरातल्या मुख्य माणसाचा पगार एक चतुर्थांश झाला, आणि ईएमआय मात्र तेवढाच. अशा वेळी कुठलं घर आधी डगमगणार? ज्याच्या मालकाचा खिसा उथळ, ते.

टार्नेटचं स्टेडियम

वेस्टर्न युनायटेडची मूळ कल्पना कागदावर सुरेखच होती. २०१८ मध्ये त्यांना लीगमध्ये प्रवेश मिळाला तो एका आगळ्या प्रस्तावावर. विंडम कौन्सिलबरोबर टार्नेटमध्ये पंधरा हजारांचं स्टेडियम बांधायचं, भोवतीची जमीन विकसित करायची आणि त्या नफ्यातून स्टेडियम उभं करायचं. भाड्याचं घर नाही, स्वतःचं! देशातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या भागांपैकी एक, तरुण कुटुंबं, फुटबॉल समजणारी माणसं. आमच्याकडचा प्रत्येक जण मनातल्या मनात त्या स्टेडियमपासून आपल्या घराचं अंतर मोजत होता.

तोवर टीम खेळायची जिलाँगला, कधी बॅलरॅटला. जिलाँगला आम्ही ट्रेनने जायचो. ते मैदान फूटीचं, म्हणजे लंबगोल. मधल्या चौकोनात फुटबॉल चाललेलं आणि आपण इतके लांब की कोणी गोल केला हे रेडिओवर ऐकल्यासारखं कळायचं. तरी मजा यायची. डब्यात थालीपीठ, लेकीच्या गळ्यात हिरवा-काळा मफलर. मे २०२२ मध्ये याच टीमने मेलबर्न सिटीला २-० हरवून लीग जिंकली. कोच होता जॉन अलोइसी, तोच उरुग्वेच्या पेनल्टीवाला! तिसऱ्याच हंगामात चॅम्पियन, आणि तेही स्वतःचं घर नसताना. २०२४ पासून टार्नेटमध्ये मॅचेस सुरू झाल्या, पण आयर्नबार्क फील्ड्स या सुमारे पाच हजारांच्या ट्रेनिंग ग्राउंडवर. घरून चालत जायचं अंतर. पहिल्यांदा असं झालं की शेजारचा पाजी, समोरचा फिलिपिनो आणि मी एकाच गोष्टीवर एकाच वेळी ओरडलो.

मोठं स्टेडियम काही झालं नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फुटबॉल ऑस्ट्रेलियाच्या परवाना मंडळाने निकाल दिला, की क्लब आर्थिक निकष पूर्ण करत नाही, सबब परवाना नाही. पुढच्या महिन्यात ठरलं, की २०२५-२६ पुरती टीम 'हायबर्नेशन'मध्ये जाणार. शीतनिद्रा! अस्वलाला शोभणारा शब्द. खेळाडू, अकादमीतली पोरं, ऑफिसातली माणसं यांना मात्र शीतनिद्रा घेता येत नाही. त्यांना दुसरी नोकरी शोधावी लागते.

हे एकट्या वेस्टर्न युनायटेडचं नाही. न्यूझीलंड नाइट्स २००७ मध्ये गेले, नॉर्थ क्वीन्सलंड फ्युरी २०११ मध्ये, गोल्ड कोस्ट युनायटेड २०१२ मध्ये. लीगच्या वीस वर्षांत सोळा क्लब खेळले, त्यांतले चार मैदानाबाहेर. पर्थ ग्लोरी २०२३ ला रिसीव्हरच्या ताब्यात गेला आणि नव्या मालकामुळे वाचला. न्यूकॅसल जेट्सला तर काही वर्षं दुसऱ्या क्लबांच्या मालकांनी वर्गणी काढून चालवलं. उलट सेंट्रल कोस्ट मरिनर्ससारखा गरीब क्लब २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियन झाला. म्हणजे मैदानावरची गुणवत्ता आणि बँकेतली शिल्लक यांचा संबंध वाटतो तेवढा सरळ नाही.

खाली जाणं आणि नाहीसं होणं

मला हे सगळं एवढं का लागावं? कारण माझी ही पहिली टीम नाही. चर्चगेटला कॉलेजात असताना मी कूपरेजवर महिंद्र युनायटेडच्या मॅचेस पाहायला जायचो. लेक्चर बुडवून, वडापाव हातात घेऊन. २००६ मध्ये त्यांनी नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० मध्ये टीमच बंद झाली. आपल्याकडच्या आयएसएलचंही तेच. २०१४ ला सुरू झालेली, खालून वरपर्यंत आखीव लीग. पण व्यावसायिक हक्कांचा करार संपत आला, नवा वेळेत झाला नाही, आणि २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. गंमत म्हणजे ए-लीगचा सर्वाधिक गोल करणारा जेमी मॅक्लारेन आणि मरिनर्सला २०२३ ची फायनल हॅटट्रिकने जिंकून देणारा जेसन कमिंग्ज, दोघेही पुढे गेले ते कोलकात्याला, मोहन बागानकडे. इथला पगार तिथे कमी पडला. मोहन बागान १८८९ चा. लीगा आल्या आणि गेल्या, क्लब आहे.

युरोपात वाईट खेळलात, पैसे संपले, तर खालच्या विभागात जाता. ते अपमानास्पद असतं, दुःखद असतं, पण तुमचं मैदान, तुमचा रंग, तुमची शनिवारची जागा शिल्लक राहते. बंद लीगमध्ये खालचा मजलाच नाही. वरच्या मजल्यावरून पाय घसरला की थेट खिडकीबाहेर. आमच्या टीमचं तेच झालं.

मग वर-खाली करणारी व्यवस्था का आणत नाहीत? माझा ग्रीक सहकारी हा प्रश्न दर सोमवारी विचारतो. उत्तरही साधं नाही. ज्या मालकांनी परवान्यासाठी कोट्यवधी मोजले आणि दर वर्षी तोटा सोसला, त्यांना 'उद्या तुम्ही खाली गेलात तर नशीब' असं सांगितलं, तर उरलेलेही पैसे काढून घेतील. आणि एवढ्या मोठ्या देशात दुसऱ्या विभागाने विमानाचं भाडं कशातून भरायचं? वरच्या विभागात पैसा नसताना खालचा मजला बांधणं म्हणजे पाया न घालता पार्किंग खोदणं.

तरी एक पाऊल पडलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप' नावाची दुसऱ्या पातळीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. सोळा क्लब, आधी चार-चारचे गट, मग बाद फेरी. वर्षभर चालणारी लीग नाही, त्यामुळे खर्च आटोक्यात. तिथून ए-लीगमध्ये बढती नाही. पण यादी वाचा. साउथ मेलबर्न, मार्कोनी, सिडनी ऑलिंपिक, प्रेस्टन... वीस वर्षांपूर्वी ज्यांना दार बंद केलं, तेच खिडकीतून परत आत आलेत. ज्यांच्यामागे मालक नव्हता, समाज होता, ते टिकले.

अर्थात समाज असला की सगळं सुटतं असंही नाही. २०२४ ला आलेल्या ऑकलंडला अमेरिकी अब्जाधीश मालक आहे, आणि त्यांनी पहिल्याच हंगामात प्रीमियर्स प्लेट जिंकून स्टेडियमही भरून दाखवलं. पैसा लागतोच. मला एवढंच वाटतं, की पैसा आणि माणसं यांत आधी कोण गोळा करायचं, याचा क्रम महत्त्वाचा. टार्नेटमध्ये माणसं होती, रांगेत उभी होती. त्यांना जमिनीच्या नफ्याच्या गणितात एक ओळ म्हणून धरलं गेलं. त्या गणितातला नफा आला नाही आणि ओळही खोडली गेली.

वर्ष नवीन टीम शोधण्यात घालवायचं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. बायकोचं म्हणणं, मेलबर्न सिटीला पाठिंबा दे, जिंकतात तरी. पण ज्यांना हरवून आपण चॅम्पियन झालो त्यांचा शर्ट घालायचा? लेकीने साफ नकार दिला. मग एका रविवारी आम्ही गाडी काढली आणि रेझरव्हॉयर गाठलं, प्रेस्टन लायन्सच्या मैदानावर. मॅसिडोनियन आजोबा खुर्च्या टाकून बसलेले, कोळशावर कबापी भाजल्याचा धूर, गोल झाला की ढोल. आम्ही तिघंच काय ते सावळे, पण कुणी मान वळवून पाहिलं नाही. एका आजोबांनी लेकीला सरकून जागा दिली आणि आठ नंबरचा पोरगा आपला नातू असल्याचं सांगितलं.

हाफटाइमला तिने मला हळूच विचारलं, "ही टीमपण बंद होणार का?"

मी म्हटलं, "अगं, ही १९४७ पासून आहे. मधे पार खालच्या विभागात गेली होती. पण बंद नाही पडली."

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "खाली गेली तरी चालेल. आपण तिकडे जाऊ."